खालची ओळ वाचणारी मुलं

ती खुर्चीत बसली तेव्हा तिचे पाय खालच्या पट्टीला टेकत नव्हते. वय अकरा, पण अंगानं आठ-नऊची वाटावी अशी. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं पुष्कळदा वयापेक्षा लहान दिसतात. डावा डोळा झाकून तिनं तक्ता वाचायला घेतला आणि कुठंही न अडखळता सगळ्यात खालच्या बारीक ओळीपर्यंत पोचली. ही ओळ वाचताना मोठी माणसंसुद्धा मान पुढं काढतात, डोळे बारीक करतात. तिनं तसलं काही केलं नाही. दुसऱ्या डोळ्यानंही तेच. मागं बसलेल्या आईचा चेहरा सैल झाला.

"दिसतंय की ताई तिला सगळं. मग आता थेंब कशाला? परवापर्यंत ॲडमिट होती. तिला नको वाटतं हो आता काहीही करून घ्यायला."

आईचं चुकत नव्हतं. या आजारात मूल मध्यरात्री पाय धरून रडत उठतं. ताप आला की आईबापाच्या पोटात गोळा येतो. रक्त चढवायच्या तारखा घरातल्या सगळ्यांना पाठ असतात. त्यात जो डोळा दुखत नाही, लाल होत नाही आणि शेवटची ओळही वाचतो, त्याच्यासाठी आणखी एक खेप घालणं कुणालाही जादाचंच वाटणार. दुखण्याचा क्रम घर ठरवत नाही, तो दुखणंच ठरवतं. जे ओरडतं त्याच्याकडे आधी धावलं जातं. डोळ्याचा मागचा पडदा ओरडत नाही. त्यात दुखणं जाणवणाऱ्या नसाच नसतात.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. सुरुवातीची बरीच वर्षं चष्म्याचे नंबर काढण्यात गेली. नंतर पडद्याच्या डॉक्टरांकडे स्कॅन काढायचं काम आलं आणि तेव्हापासून माझा बहुतेक दिवस अंधाऱ्या खोलीत, मशीनच्या पडद्यावर माणसांच्या डोळ्यांतला पडदा बघण्यात जातो. त्या खोलीत शिरण्याआधी माझाही त्या आईसारखाच समज होता, की नजर चांगली म्हणजे डोळा चांगला. हा समज मोडायला मला पुस्तकांपेक्षा मुलांनी जास्त मदत केली.

मी तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. थेंब झोंबतात, ते मी आधीच सांगते. खोटं सांगितलं तर मूल दुसऱ्या डोळ्याला हात लावू देत नाही. या मुलांची एक गोष्ट मला दर वेळी आत कुठंतरी लागते. सुई दिसली की ती न सांगता हात पुढं करतात. कुठली शीर सापडते, कुठली सापडत नाही, हेही सांगतात. पण थेंबाची बाटली जवळ आली की तीच मुलं घट्ट डोळे मिटून घेतात. हात पुढं करायची त्यांना सवय झालेली असते, डोळ्याची नसते. म्हणजे डोळ्याकडे अजून कुणी गेलेलंच नसतं.

अर्ध्या तासात बाहुली मोठी झाली. जवळचं धूसर दिसायला लागलं, उजेड टोचायला लागला. मग तिला ओसीटीच्या, म्हणजे पडद्याचा स्कॅन काढणाऱ्या मशीनपाशी बसवलं. हनुवटी खालच्या आधारावर, कपाळ वरच्या पट्टीला. उंची पुरेना, म्हणून ती गुडघ्यांवर बसली. "आत एक हिरवं फूल दिसतंय का? त्याच्याकडेच बघायचं. मी सांगेपर्यंत पापणी मिटायची नाही." तिनं श्वाससुद्धा रोखून धरला. श्वास घे म्हटलं, तेव्हा घेतला.

आणि चित्र आलं.

ज्यांनी हे चित्र कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डोळ्याचा पडदा म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा एक पदर. त्यातही एकावर एक असे पापुद्रे. ओसीटी प्रकाश आत सोडतं, वेगवेगळ्या पापुद्र्यांवरून परत येणारा प्रकाश जुळवतं आणि पडद्याचा उभा छेद दाखवतं, न कापता, न टोचता, न हात लावता. १९९१ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या फुजिमोतो, हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र जगापुढं मांडलं. आज एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, चार-पाच पट जाडीचा फरकही त्यात कळतो. पडद्याच्या मधोमध एक छोटा खळगा असतो आणि त्याच्या कडेनं पडदा थोडा उंच उचललेला असतो. जाडीच्या रंगीत नकाशात हे फार सुंदर दिसतं. मध्ये निळसर-हिरवा ठिपका आणि भोवती पिवळ्या-लाल रंगाची अखंड बांगडी.

तिची बांगडी अखंड नव्हती. नाकाकडच्या बाजूला, वर, खाली सगळीकडे रंग भरलेला आणि कानाकडच्या बाजूला मात्र निळा डाग. बांगडी तिथं फुटली होती. उभ्या छेदात त्याच जागी वरचे पापुद्रे दबलेले, जणू ओल्या मातीवर कुणी अंगठा टेकवून उचलला आहे. दुसऱ्या डोळ्यातही कानाकडेच, पण कमी.

खालची ओळ वाचणारी मुलगी. बाहेर आई तिची औषधं पिशवीत भरत होती.

असं का होतं, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला आणि समजलं तेव्हा तक्त्याकडे बघायची माझी दृष्टीच बदलली. पडद्यात रक्त येतं ते डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या तोंडातून, म्हणजे नाकाच्या बाजूनं. तिथून शाखा फुटतात, काही वर वळतात, काही खाली, आणि मधल्या खळग्याला वळसा घालून त्यांच्या बारीक फांद्या कानाकडच्या बाजूला एकमेकींसमोर येऊन थांबतात. वरची फांदी खाली उतरत नाही, खालची वर चढत नाही. मध्ये एक आडवी रेघ राहते, जिच्यावर दोन्हीकडचं रक्त अगदी शेवटी पोचतं. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाट वाहत असतो, वरची शेतं भिजत असतात, आणि पाणी जरा कमी झालं की पहिल्यांदा वाळतो तो टेलचा वाफा. पडद्यातला तो टेलचा वाफा म्हणजे ही कानाकडची जागा.

आता त्या पाटात काय वाहतं ते बघा. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि पडद्यातली सगळ्यात बारीक केशवाहिनी तिच्याहूनही अरुंद. निरोगी पेशी स्वतःला दुमडते, चेपते आणि पलीकडे जाऊन पुन्हा गोल होते. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतलं सहावं अक्षर, म्हणजे सहावं अमिनो आम्ल, बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढाच काय तो फरक. पण पेशीतला ऑक्सिजन काढून घेतला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं आणि पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते. पडदा हा ऑक्सिजनचा मोठा खाणारा. म्हणजे पेशी जिथं सगळ्यात अरुंद वाटेतून हळू सरकत असते, तिथंच तिच्याकडचा ऑक्सिजन जास्त ओढला जातो. ती नेमकी तिथं ताठ होते आणि अडकते. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. तेवढ्या आयुष्यात ती या वाटेनं असंख्य वेळा जाते.

आणि आता तक्ता. खालची ओळ वाचतो तो पडद्याचा अगदी मधला बिंदू. त्या बिंदूवर, जवळपास अर्ध्या मिलिमीटरच्या गोलात, पडद्याची एकही केशवाहिनी नसते. निसर्गानं तिथून रक्तवाहिन्या बाजूला ठेवल्या आहेत, प्रकाशाच्या वाटेत काही येऊ नये म्हणून. ती जागा मागच्या दुसऱ्याच थरातून पोसली जाते. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. ज्या केशवाहिन्या या आजारात आधी बंद पडतात, त्यांच्यावर खालची ओळ वाचणारी जागा अवलंबूनच नाही. मुलाला तक्ता वाचायला लावणं म्हणजे पाटाच्या टोकाला काय चाललंय हे पाहायला विहिरीत डोकावण्यासारखं. विहीर भरलेलीच दिसणार.

मुलाला स्वतःला कळत नाही का, असं आईबाप विचारतात. नाही कळत. एका डोळ्याच्या कानाकडच्या पडद्याला जे दिसतं, तीच जागा दुसऱ्या डोळ्याचा नाकाकडचा पडदाही बघत असतो आणि तो भाग बहुधा शाबूत असतो. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो. एकच डोळा उघडा असला तरी मेंदू आजूबाजूच्या चित्रातून ठिगळ लावतो. पातळ झालेल्या जागेवर बारीक प्रकाशबिंदू टाकून मोजलं तर तिथली संवेदना कमी भरते, हे तपासण्यांत दिसलेलं आहे. पण शाळेत जाणाऱ्या मुलाला असा बिंदू कोण दाखवणार? आणि जे मूल लहानपणापासून असंच बघत आलंय, ते काय हरवलं म्हणून सांगेल? हरवलं म्हणायला आधी ते आपल्याकडे होतं हे माहीत असावं लागतं.

विळ्याच्या आकाराच्या या पेशींची पहिली नोंद वैद्यकात १९१० साली झाली. शिकागोत दंतवैद्यक शिकणारा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा ग्रेनाडाचा तरुण आजारी पडला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि जेम्स हेरिक यांनी ते प्रसिद्ध केलं. नोएल शिक्षण पुरं करून घरी परतला, दवाखाना टाकला आणि १९१६ मध्ये, तिशीच्या आसपास गेला. मला त्याच्याबद्दल नेहमी वाटतं की त्याच्या डोळ्यात कुणी डोकावलं असतं तर? डोळ्यात डोकावायचं साधन हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्येच शोधलेलं होतं. जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न कापता जिथं सरळ दिसतात अशी शरीरात एकच जागा, आणि हा तर रक्तवाहिन्या तुंबवणारा आजार. तरी या दोघांची गाठ पक्की पडायला साठेक वर्षं गेली. १९७१ मध्ये मॉर्टन गोल्डबर्ग यांनी या आजारात पडद्याच्या कडेला काय होत जातं याच्या पाच पायऱ्या लावून दिल्या. आजही पडद्याचे डॉक्टर त्याच वापरतात.

मी आतापर्यंत मधल्या भागाबद्दल बोलले. गोल्डबर्ग यांच्या पायऱ्या पडद्याच्या दूरच्या कडेच्या आहेत. आधी तिथल्या बारीक धमन्या बंद पडतात. मग रक्त आडवाट काढतं, धमनी सरळ शिरेला जाऊन मिळते. तिसऱ्या पायरीला उपाशी पडदा नवीन वाहिन्या मागतो आणि त्या फुटतातही, पण कच्च्या, गळक्या. त्यांचा आकार समुद्रातल्या पंख्यासारख्या प्रवाळासारखा दिसतो, म्हणून त्यांचं नावच ‘सी फॅन’ पडलं. पहिल्यांदा मी तो फोटोत पाहिला तेव्हा मला तो देखणा वाटला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. चौथ्या पायरीला तो फाटून डोळ्यात रक्त उतरतं आणि पाचव्या पायरीला पडदा सुटतो. पेशंट बहुतेक वेळा चौथ्या पायरीला येतो, कारण तोपर्यंत त्याला काही जाणवतच नाही. पहिल्या तीन पायऱ्या तो खालची ओळ वाचत उतरलेला असतो.

यात एक गोष्ट अशी आहे की जी पालकांना सांगताना मी दोनदा सांगते. सिकलसेलचे प्रकार असतात. आई आणि बाप दोन्हीकडून सिकलचं, म्हणजे ‘एस’ हिमोग्लोबिन आलेल्या एसएस मुलाला कळा, ॲनिमिया, ॲडमिट होणं हे सगळं जास्त. एकीकडून ‘एस’ आणि दुसरीकडून ‘सी’ हे बदललेलं दुसरं हिमोग्लोबिन आलेल्या एससी मुलाचं अंग त्या मानानं बरं असतं, हिमोग्लोबिन चांगलं राहतं, घरचे म्हणतात याला सौम्य आहे. आणि पडद्याच्या कडेचा हा गळका आजार याच सौम्य मुलांत कितीतरी जास्त होतो. जमैकात १९७३ ते १९८१ या काळात एक लाख बाळांचं जन्मतःच रक्त तपासून त्यातल्या सिकलसेलच्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. चोवीस ते सव्वीस वर्षांच्या वयापर्यंत एससी गटातल्या ४३ टक्के जणांना हा आजार झाला होता, एसएस गटातल्या १४ टक्के जणांना. रक्त दाट असलं की बारीक वाहिनीत ते जास्त अडतं, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. कारण काहीही असो, ‘सौम्य आहे’ म्हणून डोळ्याकडे दुर्लक्ष झालेलं मूल मला सगळ्यात जास्त धास्तीचं वाटतं. त्याच जमैकाच्या अभ्यासात असंही दिसलं की जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या डोळ्यांत या नव्या वाहिन्या आपोआप सुकून गेल्या. म्हणून पंखा दिसला की लगेच लेझर असं होत नाही. डॉक्टर तो किती पसरलाय, दुसऱ्या डोळ्याचं काय, मूल पुढच्या तपासणीला येईल का, हे सगळं बघून ठरवतात. पण ठरवायला तो आधी दिसायला हवा.

दहाव्या वर्षापासून थेंब घालून पडदा बघावा आणि सगळं ठीक असेल तर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा, अशी अमेरिकेतल्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेची २०१४ ची शिफारस आहे. दहा हे वय कडेच्या आजाराच्या हिशेबानं धरलेलं आहे. ओसीटीत मात्र मधल्या भागाची झीज त्याच्या आतही काही मुलांत दिसते आणि अलीकडच्या ओसीटी अँजिओग्राफीत ती आणखी बारकाईनं दिसते. पूर्वी पडद्यातलं रक्त बघायचं तर हातात पिवळा रंग टोचावा लागे. नोव्होटनी आणि अल्विस या दोन विद्यार्थ्यांनी १९६१ मध्ये दाखवलेली ती पद्धत आजही कडेच्या आजाराला लागते. नवीन पद्धतीत सुई नाही. मशीन एकाच जागेचे पाठोपाठ स्कॅन घेतं आणि दोन स्कॅनमध्ये जे हललं ते रक्त, असं धरून वाहिन्यांचं जाळं रेखाटतं. जे हललं नाही ते काळं राहतं. सिकलसेलच्या मुलांत कानाकडच्या बाजूला, विशेषतः खोलच्या जाळ्यात, असे काळे तुकडे दिसतात. शिरा शोधून शोधून दंड काळेनिळे झालेल्या मुलाला ‘आज टोचायचं नाही, नुसतं बघायचं’ असं सांगता येणं, ही माझ्या दृष्टीनं छोटी गोष्ट नाही.

पण तिची किंमत मुलाला स्थिर राहून द्यावी लागते. काही सेकंदच, पण पापणी लवली की चित्रात आडवा काळा पट्टा, नजर हलली की पांढरी रेघ. आणि इथंच माझ्या हातून एक चूक झाली. ती मी अजून विसरलेले नाही.

बारा वर्षांचा एक मुलगा होता. चुळबुळ्या, बोलका, मशीनचं बटण आपणच दाबायचा हट्ट धरणारा. त्याच्या स्कॅनमध्ये कानाकडे दबलेला भाग आला. मला वाटलं मान तिरकी झाली असेल. पुन्हा काढला, पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा पापणी लवली. बाहेर रांग होती. मशीननं तर काहीच इशारा दिला नव्हता. त्याचं कारण मला माहीत असायला हवं होतं. मोठ्या माणसाचा स्कॅन काढला की मशीन त्याची जाडी साठवलेल्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी ताडून बघतं आणि हिरवा, पिवळा, लाल रंग देतं. हे साठवलेले आकडे बहुतेक मशीनमध्ये अठरा वर्षांवरच्यांचे असतात. मुलांसाठी रंग नाही, नुसता करडा. मी त्या करड्याला ‘काही नाही’ असं वाचलं आणि कागदावर लिहिलं: सहकार्य अपुरं.

वर्षानं तो परत आला. या वेळी शांत बसला, एक पापणी हलवली नाही. दबलेला भाग त्याच जागी होता, थोडा वाढलेला, आणि अँजिओच्या चित्रात तिथं काळा तुकडा. डॉक्टरांनी कड तपासली तर तिथल्या वाहिन्याही टोकाला बंद व्हायला लागल्या होत्या. वर्षभर त्याच्या फाइलमध्ये माझ्या अक्षरात लिहून ठेवलेलं होतं की मुलगा नीट बसला नाही. तो नीट बसला होता.

तेव्हापासून मी मुलांच्या बाबतीत मशीनच्या रंगाची वाट बघत नाही. नाकाकडची जाडी आणि कानाकडची जाडी शेजारी शेजारी मांडते, उजव्या डोळ्याशी डावा ताडते, आणि मागचा स्कॅन असेल तर तो उघडूनच नवीन काढते. मुलाची तुलना त्याच्या स्वतःशी. म्हणून पहिला स्कॅन लवकर हवा, सगळं ठीक असतानाचा. पुढं बोट ठेवून ‘इथपर्यंत होतं’ म्हणायला काहीतरी हातात असावं लागतं.

एक गोष्ट थोडी बाजूची आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सांगते. सिकलसेलच्या मुलाच्या डोळ्याला चेंडू, कोपर, काहीही जोरात लागलं आणि बुबुळाच्या पुढं रक्त साचलेलं दिसलं, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. साधं रक्त हळूहळू झिरपून जातं. विळ्यासारख्या ताठ पेशी बाहेर जायच्या बारीक जाळीतच अडकतात, डोळ्यातला दाब चढतो, आणि इतरांना सोसेल एवढा दाबही यांच्या नसेला सोसत नाही. नुसता वाहक असलेल्या, म्हणजे एकाच पालकाकडून ‘एस’ आलेल्या, एरवी ठणठणीत मुलालाही हा धोका असतो. म्हणून डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सिकलचं सांगा. दाब उतरवायला एरवी दिलं जाणारं एक औषध, ॲसिटाझोलामाइड, यांच्यात शक्यतो टाळतात, कारण त्यानं रक्त आम्लधर्मी होऊन पेशी आणखी वाकतात.

पालकांचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड असतो. बरं, पातळ झालाय कळलं. मग? यावर मी खोटा धीर देत नाही. गेलेला पापुद्रा परत येत नाही आणि त्या निळ्या डागावर घालायचा थेंब नाही. पण असा पडदा बघितल्यावर रक्ताच्या डॉक्टरांशी बोलणं बदलतं. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध रोज दिलं जातंय का, वजन वाढल्यावर डोस वाढवला का, गर्भात असताना बाळाच्या रक्तात असतं त्या हिमोग्लोबिनचं प्रमाण अजून किती आहे, कारण ते जास्त असलेल्या मुलांचे पडदे त्यामानानं सुरक्षित राहिलेले दिसतात. कड नीट तपासली जाते. पुढची तारीख दोन वर्षांनी नाही, लवकरची पडते. आणि मला इथं नेहमी मेंदूच्या तपासणीची आठवण होते. काहीही न दुखणाऱ्या मुलाच्या कानशिलावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा आणि वेग जास्त असलेल्यांना नियमित रक्त द्यायचं, यानं पहिला पक्षाघात ९२ टक्क्यांनी कमी झाला, हे रॉबर्ट ॲडम्स यांच्या चमूनं १९९८ मध्ये दाखवलं. त्याआधी तीही तपासणी कुणाला तरी जादाचीच वाटली असणार. पडद्याला अजून तसं ठोस उत्तर मिळालेलं नाही. ते मिळेल तेव्हा आपल्याकडे या मुलांचे दहा-दहा वर्षांचे स्कॅन असावेत, एवढी माझी साधी इच्छा आहे.

त्या आईला मी हे सगळं सांगितलं नाही. तिला मशीनजवळ बोलावलं आणि बांगडी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हिला दिसतंय, पण झिजतंय." मी इतक्या वर्षांत हे इतक्या कमी शब्दांत कधी सांगू शकले नव्हते.

परवा ती मुलगी पुन्हा आली. आता पाय पट्टीला टेकतात. तक्ता वाचला, खालच्या ओळीपर्यंत. थेंब घालताना डोळे मिटले नाहीत, खालची पापणी स्वतःच बोटानं ओढून धरली. मशीनवर मी तिचा जुना स्कॅन उघडला आणि नवीन त्याच रेघेवर लावला. मशीन जुन्या वाहिन्यांच्या खुणा शोधून नेमकी तीच जागा पकडतं, त्याला थोडा वेळ लागतो.

"फूल दिसतंय?"

"हो. हलतंय थोडं."

"ते हलत नाही. तू हलतेस."

ती थांबली. आतला हिरवा उजेड तिच्या मोठ्या झालेल्या बाहुलीत चमकत होता. स्क्रीनवर जुनी रेघ आणि नवी रेघ एकमेकींवर सरकत आली, जुळली, आणि आकडे उमटायला लागले. नाकाकडचे आधी. मग वरचे, खालचे. कानाकडचे शेवटी.

"ताई, पापणी मिटू का आता?"

"एक क्षण थांब," मी म्हटलं, आणि तो आकडा वाचला. मागच्याएवढाच होता.

"मिट."